अकराचा कॉल

भगवानने जेवणाचं टेबल एकट्याने ओढत हॉलच्या मधोमध आणलं. फरशीवर टेबलाचे पाय घासल्याचा आवाज माडीवर अंकितापर्यंत गेला आणि मागच्या पडवीत लसूण सोलत बसलेल्या सखूबाईंचे हात थांबले. रंजिता फडक्याला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली.

"अवो, आतल्या खोलीत बसा ना. दार लावून घेतलं का कोनाचा त्रास नाय."

"आत बसाला मी काय बालंतीन हाय?" भगवान म्हणाला. "ऑफिस हाय हे. ऑफिस दिसाला पायजे."

मग त्याने टेबलाचं तोंड दरवाजाकडे केलं, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या माणसाला लॅपटॉप दिसेल आणि लॅपटॉपमागे तो दिसेल. रंजिताने खुर्ची आणून दिली. ती लाकडी होती. त्याने ती परत पाठवली आणि हाताची खुर्ची मागवली.

भगवानचं ऑफिस जासईला, कंटेनर यार्डांच्या रांगेत होतं. बंदरात आलेला लोकांचा माल सोडवून देणारी ती कंपनी, आणि त्यासाठी लागणारे कागद तयार करायच्या टेबलावर भगवान बसायचा. मालकाने जागा सोडून दिली, कागदवाल्यांना एकेक लॅपटॉप दिला आणि घरून काम करा म्हणून सांगितलं. शिरढोणच्या या घरात ती बातमी जरा वेगळ्या थाटात आली. "कंपनीचं माझ्याबिगार चालत नाय," भगवान जेवताना म्हणाला होता, "म्हनून त्यांनी ऑफिसच घरी पाठवलंय."

कोणी हसलं नाही. भगवानच्या बोलण्यावर हसायची त्या घरात पद्धत नव्हती.

पद्धत अशी होती की संध्याकाळी फाटकाशी स्कूटर थांबली की टीव्ही बंद व्हायचा. सखूबाई, म्हणजे त्याची सख्खी आई, पडवीत जाऊन बसायच्या. अंकिता माडीवर जायची आणि रंजिता गॅसपाशी. कालवण गार लागलं म्हणून भिंतीवर भिरकावलेलं ताट या घराने पाहिलं होतं. रंजिता एके काळी आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. एका रविवारी दुपारी मशीनच्या आवाजाने भगवानची झोप मोडली, तेव्हा त्याने ते मशीन उचलून दारावरून चाललेल्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवलं आणि भंगारवाल्याला रंजिताच्याच हातचा चहा पाजला. अंकिताला बी.कॉम. झाल्यावर बेलापूरच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं, तर त्याने घास न थांबवता सांगितलं, "माझ्या हाताखाली धा-बारा पोरं हायत. ऑफिसात पोरींशी कसं बोलतात ते मना म्हाईत हाय. गप घरी बसाचा." विषय तिथेच मिटला. घरातल्या कोणाचीही त्यावर ब्र काढायची टाप नव्हती.

जेवताना तो ऑफिसातल्या गोष्टी सांगायचा. आज एकाने नंबर चुकवला, आज एकाने भलत्याच पार्टीचा कागद भलत्याला पाठवला, आणि मग आपण त्याची कशी खरडपट्टी काढली. "मी त्याला सरळ बोल्लो, डोकं घरी ठेवून येता का? वय वाढलं म्हणून अक्कल वाढते असं नाही." अशी वाक्यं बोलताना त्याची भाषा एकदम स्वच्छ व्हायची. त्याच्या हाताखाली पोरं आहेत तर त्यांना वयाचं कशाला सुनावतो, असं रंजिताच्या मनात एकदा आलं होतं. पण साहेब लोक असेच बोलत असतील म्हणून तिने ते सोडून दिलं.

तर असा माणूस आता दिवसभर घरी राहणार होता.

पहिले काही दिवस तिन्ही बायकांनी अक्षरशः श्वास रोखून काढले. कुकर सकाळीच उरकायचा. मिक्सर बंद, म्हणून वाटण पाट्यावर आलं, आणि पाट्याचाही आवाज झाला म्हणून ते शेजारच्या ओट्यावर गेलं. सखूबाईंना खोकला होता. त्यांना उबळ आली की त्या पदर तोंडात कोंबून परसात पळायच्या. फोन आला की अंकिता गच्चीवर जायची. भगवान लॅपटॉपसमोर बसून एका बोटाने टाइप करायचा, मधूनच "चाय" म्हणायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे असं बघायचा, जणू घड्याळही त्याच्याच हाताखाली कामाला आहे.

मग अकराचा कॉल सुरू झाला.

भगवानचा डावा कान यार्डात गेला होता. रिकामे कंटेनर एकावर एक आदळताना वर्षानुवर्षं जवळ उभं राहिल्याचा तो प्रसाद. उजवा बरा होता, पण हेडफोन लावला की त्यात शिट्टी वाजायची. त्याने दोन मिनिटांत हेडफोन काढून फेकला आणि लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला. आपलं ऑफिस घराने ऐकलं तर बरंच आहे, असं त्याला तेव्हा वाटलं असावं.

रंजिता ओट्याशी बोंबील साफ करत होती.

"काका, माईक चालू करा," एक कोवळा, टापटीप आवाज हॉलभर पसरला. "खाली डावीकडे. डावीकडे, काका. हं."

"नमस्कार मॅडम," भगवान म्हणाला. रंजिताने चमकून वर पाहिलं. हॉलमध्ये दुसरं कोणी आलंय की काय, असं तिला वाटलं. हा आवाज तिने ऐकलेलाच नव्हता.

"काल पाठवलेल्या कागदात कंटेनरचा नंबर परत चुकलाय. दोन आकडे उलटे. गाडी सकाळपासून गेटवर उभी आहे."

"हो मॅडम. म्हणजे, मॅडम, तो काय झाला…"

"मला गोष्ट नको. पार्टी मला फोन करते, तुम्हाला नाही."

"सॉरी मॅडम."

"सॉरी रोजचंच आहे. पूर्वी मी म्हणायचे, डोकं घरी ठेवून येता का. आता तर घरीच आहात ना, काका? मग डोकं कुठे ठेवलंय?"

लॅपटॉपमधून पाच-सहा माणसं हसली. भगवानही हसला. ते हसणं रंजिताने दारातून पाहिलं. दात दिसत होते आणि मान हलत होती.

"वय वाढलं म्हणून अक्कल वाढते असं नाही, काका. मी किती वेळा सांगायचं?"

"बरोबर आहे मॅडम. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

रंजिताच्या हातातला बोंबील तसाच राहिला. ते वाक्य तिला पाठ होतं. जेवताना कित्येकदा ऐकलं होतं, शब्दन् शब्द तोच होता, फक्त बोलणारा बदलला होता. म्हणजे झापलं जायचं ते त्याला. दिवसभरात तिकडे जे मिळायचं तेच तो डब्यासारखं बांधून घरी आणायचा आणि इथे वाढायचा. ताट भिंतीवर गेलं त्या दिवशी त्याला तिकडे काय मिळालं असेल, आणि मशीन गेलं त्याच्या आदल्या दिवशी काय, याचा ती ओट्याशी उभी राहून हिशेब लावत राहिली. माडीच्या जिन्यात अंकिता येऊन बसली होती. आईचे आणि मुलीचे डोळे एकदाच भेटले आणि दोघींनी ते लगेच खाली घेतले.

त्या संध्याकाळी भगवान घसा फाटेस्तोवर ओरडला. आमटीत मीठ जास्त, परसात पाणी सांडलेलं, अंकिताच्या फोनचा आवाज, सगळं त्याला सापडलं. जेवायला बसल्यावर तो जरा निवला आणि सवयीने म्हणाला, "आज ऑफिसात एकाला असा झापला…"

आणि थांबला.

तिघीही ताटात बघत होत्या. सखूबाईंना उशिरा समजायचं, किंवा त्या तसं दाखवायच्या.

"कोनाला रं, भगवान?" त्यांनी विचारलं.

भगवान अर्ध्या ताटावरून उठला.

भगवानची दया यावी असा तो त्या दिवसांत दिसत होता. पण दया यायची तर आधीचं बरंच काही विसरावं लागतं, आणि त्या घरात विसरायला कोणालाही सवड मिळाली नव्हती. रंजिताला सुरुवातीला लाज वाटली. परक्या पोरीने आपल्या नवऱ्याचा पाणउतारा करावा आणि आपण ऐकत राहावं, हे बरं नाही, असं ती मनाशी म्हणाली. ही लाज दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी अकराच्या आधी तिने गॅस बंद केला आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन ती दाराशी येऊन बसली. तिला त्या आवाजाची गोडी लागली होती, आणि ती गोडी तिने स्वतःपासूनही लपवली नाही.

भगवानने एके सकाळी टेबल आत न्यायला घेतलं. दोन पाय खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते.

"राहूदे ना," रंजिता मऊ आवाजात म्हणाली. "रस्त्यावरची मानसं इचारतात, साहेब दिसत नाय म्हनून."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्याला काही सापडलं नाही. टेबल पुन्हा मधोमध आलं.

पहिलं धाडस अंकिताने केलं. कॉल सुरू होता. कॉलवरची ती मॅडम, दिपिका, नवीन पद्धतीचा तक्ता कसा भरायचा ते भगवानला सांगत होती, आणि त्याची ती तिसरी खेप होती. अंकिता जिना उतरून खाली आली. अंगावर नवा कुर्ता, खांद्याला बॅग. ती सरळ टेबलासमोर, लॅपटॉपच्या मागे, म्हणजे वडिलांना दिसेल आणि मॅडमना दिसणार नाही अशा जागी उभी राहिली.

"पप्पा, मी बेलापूरला चाललेय," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तो जॉब होता ना, त्यांनी परत बोलावलंय. आजपासून जॉइन होतेय. संध्याकाळी येते."

भगवानच्या कपाळाची शीर फुगली. त्याचा उजवा हात टेबलावरून वर उठला, आणि तो हात काय करू शकतो हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"काका, ऐकताय ना?" लॅपटॉप म्हणाला. "काका, हात वर केलाय, काही विचारायचंय का?"

हात हवेतच होता.

"नाही मॅडम," भगवान म्हणाला. "ऐकतोय मॅडम."

"मग खाली घ्या हात. शाळा आहे का ही?"

तो हात खाली आला. अंकिता दारात चप्पल घालत होती. घाई तिने अजिबात केली नाही. दोन्ही पट्टे नीट लावले, आईला हात केला आणि फाटक उघडून गेली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा भगवान तिच्यावर धावून गेला खरा, पण तिने नुसतं लॅपटॉपकडे बघितलं. तेवढ्यानेच त्याचा आवाज अर्ध्यात बसला. त्याला सकाळी खाली घ्यावा लागलेला हात आठवला असणार.

मग घराला अकराचं गणित समजलं. जे एरवी विचारायची हिंमत नव्हती ते अकराला विचारायचं. रंजिताने उरण नाक्याच्या बाजारातून मासळीबरोबर एक जुनं शिवणयंत्र रिक्षात घालून आणलं, आणि रिक्षावाल्याने ते हॉलमध्ये खिडकीशी आणून ठेवलं तेव्हा भगवान "येस मॅडम, येस मॅडम" करत होता. आळीतल्या बायका मापं द्यायला येऊ लागल्या. रंजिता त्यांना वेळ सांगायची, अकराला या. त्या यायच्या, चटईवर बसायच्या, तोंडाला पदर लावून ऐकायच्या. चार बायकांच्या दंडाला फीत लावत रंजिता भगवानकडे पाठ करून उभी असायची, आणि तिच्या पाठीवरूनही दिसायचं की ती मजेत आहे.

सखूबाईंनी तर कहर केला. अर्थात त्यांच्या मनात वाईट काही नसावं. निदान त्यांच्याबद्दल तसं म्हणायची पद्धत आहे. एकदा मॅडमचा पारा चढला होता, आणि त्या पडवीतून उठून हळूहळू चालत लेकाच्या मागे आल्या. लॅपटॉपच्या काचेत दिपिका मॅडमचं तोंड त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"अगो, ही तं पोर हाय," त्या म्हणाल्या. मग कॅमेऱ्यात वाकून, "बाय, रागावू नको गो त्याला. तो लानपनापासून असाच हाय. एकदा सांगून डोक्यात जात नाय. त्याचा बाप तं त्याला खांबाला बांधून ठेवाचा."

लॅपटॉपमधल्या एकेका चौकटीत माणसं वळून बसली, कोणी तोंडावर हात घेतला, कोणी कॅमेरा बंद केला.

"आई, आत जा," भगवान पुटपुटला.

"आजी, काळजी करू नका," दिपिका मॅडम म्हणाली. तिचा आवाज एकाएकी मायाळू झाला. "मी आता काकांना हळूहळू सांगत जाईन हं."

आणि तेव्हापासून ती खरोखरच हळूहळू सांगू लागली. प्रत्येक शब्द सुटा करून, शेवटी "समजलं का, काका?" विचारून. तो "समजलं" म्हणाला की "काय समजलं ते सांगा बघू" म्हणून. भगवान सांगायचा. पन्नाशी उलटलेला माणूस घोकून ठेवल्यासारखा सांगायचा, आणि स्वयंपाकघराच्या दारात, जिन्यात, चटईवर कोणी ना कोणी ते ऐकत असायचं. चिडलेल्या मॅडमपेक्षा ही मॅडम वाईट होती. रागाचा निदान राग तरी येतो.

तो वाळला. दाढी चार-चार दिवस तशीच राहायला लागली. जेवताना आता बाकीचे बोलायचे आणि तो ऐकायचा. अंकिता आपल्या ऑफिसातलं सांगायची, रंजिता गिऱ्हाइकांचं, सखूबाई मालिकेतलं. टीव्ही पुन्हा लागला होता, तोही मोठ्याने. एकदा पाण्याचा तांब्या लांब होता म्हणून त्याने मागितला, तर अंकिता फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "तुमच्याच बाजूला आहे, पप्पा. डावीकडे. डावीकडे." सखूबाई हसल्या. रंजिताही हसली. मग भगवान हसला. दात दिसत होते आणि मान हलत होती.

आणि एका शुक्रवारी यासीनचा फोन आला. हा उरणचा, भगवानच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. फोनचाही आवाज मोठा असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"भगवानभाई, खूशखबर हाय. जासईलाच छोटी जागा घेतलीय कंपनीने. सोमवारपासून ऑफिस चालू. पन टेबलं थोडी, सगल्यांना नाय घेनार. ज्यांना घ्याचं त्यांना मॅडम खुद फोन करनार हाय. तुमचं नाव मी सांगितलंय."

"मी येतो म्हनून सांग," भगवान म्हणाला. "यासीन, कायपन कर, पन मना तिकडं घे."

फोन ठेवल्यावर त्याने खांदे मागे ओढले. त्या खांद्यांना ती हालचाल बऱ्याच दिवसांनी करायला मिळाली. तो बाहेर गेला, स्कूटरवरचं कापड काढलं, लाथ मारून ती चालू केली आणि जागेवरच घुर्र घुर्र करत राहिला. आत टीव्ही चालू होता. सखूबाईंनी हात लांब करून तो बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं, पण हाताला अजून सवय होती.

जेवताना तो बोलला. इतके दिवस साठलेलं होतं, ते सावकाश, चवीने बोलला.

"सोमवारी ऑफिस चालू होनार. मंग बगतो एकेकीला. लय उडाला लागल्यात ना सगल्या? हे मशीन सोमवारी भंगारात. अंकिता, तू राजीनामा लिवून टाक, तुझ्या मामाला सांगतो पोरगा बघाला. आनी आई, तुझं तोंड…"

त्याने ते वाक्य अर्धंच सोडलं. सखूबाईंचा घास घशात अडकला आणि त्यांना खोकला आला. त्या पदर तोंडात कोंबून परसाकडे गेल्या. अंकिताने आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि त्यात एवढी भीती होती की रंजिताला ती शाळकरी असतानाची अंकिता आठवली, ताट भिंतीवर गेल्यावर पलंगाखाली जाऊन बसलेली. रंजिताने भगवानच्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढली.

शनिवारी सकाळी तो केस काळे करायला सलूनमध्ये गेला. फोन चार्जिंगला लावलेला होता, तो घरीच राहिला. अंकिता कामावर गेली होती. रंजिता मशीनवर एका नवरीचा ब्लाउज शिवत होती, हळद उद्यावर आली होती आणि हुक लावायचे राहिले होते. टेबलावरचा फोन वाजायला लागला. काचेवर 'मॅडम' आलं.

रंजिताने तो वाजू दिला. मग उठून घेतला आणि हॅलो म्हणाली.

"काकू का? दिपिका बोलतेय. काका आहेत?"

"सलूनला गेलेत. बोला ना, मॅडम."

"त्यांना सांगाल का? सोमवारपासून जासईला ऑफिस सुरू होतंय. जागा कमी आहेत, पण काका सगळ्यात जुने, म्हटलं पहिलं नाव त्यांचंच टाकू. त्यांना यायचंय असं यासीन म्हणाला."

रंजिता खिडकीशी उभी होती. समोर फाटकाजवळ पुसून लख्ख केलेली स्कूटर उन्हात चमकत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "मी एक सांगितलं तर त्यांना कललं नाय पायजे."

"काय झालं, काकू?"

"त्यांचा दुसरा कानपन आता जायला लागलाय. हायवेवरून स्कूटर नेतात, मागून ट्रेलरवाला हॉर्न मारतो तो त्यांना ऐकाला येत नाय. परवा अगदी थोडक्यात वाचले. मना रातभर झोप नाय. पन ते सोताहून सांगनार नाय तुमाला. लय मानी हायत."

शेवटचं वाक्य सोडलं तर यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

"अरे देवा," दिपिका मॅडम म्हणाली. "बरं झालं बोललात. उद्या काही झालं असतं तर मला आयुष्यभर लागून राहिलं असतं. नको, नको. काकांना घरूनच करू दे, कायमचं. त्यांच्या जागी यासीनचं नाव टाकते. आणि तुमचं नाव कुठे येणार नाही, निश्चिंत राहा."

"उपकार झाले, मॅडम."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

"काकू, एक विचारू का? मी काकांशी फार कडक बोलते का हो? माझ्या पप्पांच्या वयाचे आहेत ते. कधी कधी कॉल संपल्यावर मलाच वाईट वाटतं. तुम्ही म्हणत असाल तर मी जरा…"

पोरगी चांगली होती. हे रंजिताला तेव्हा स्पष्ट कळलं. एक शब्द पुरला असता. ती पोर तेवढ्याचीच वाट बघत होती.

"नाय, मॅडम," रंजिता म्हणाली. "तुमी बोलता तेच बरोबर हाय. तसंच बोलत जा."

तिने फोन पुन्हा चार्जिंगला लावला. मशीनवर बसून राहिलेली शिवण पुरी केली, दाताने दोरा तोडला आणि ब्लाउज घडी करून ठेवला.

भगवान आला तेव्हा त्याचे केस काळेभोर झाले होते आणि कानाच्या पाळीला रंग लागून राहिला होता. दहा वर्षांनी लहान दिसत होता. आल्या आल्या त्याने फोन उचलून पाहिला.

"मॅडमचा फोन होता? इथं दिसतोय. काय बोलल्या?"

"तुमची चौकशी केली. बोलल्या, काकांची काळजी घ्या."

"बस, एवढंच?" त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हंजे पक्कं हाय. काळजी घ्या बोलल्या, म्हंजे सोमवारचं पक्कंच. माझा पांढरा शर्ट काढ. सोमवारी तोच घालतो."

"काढते," रंजिता म्हणाली.

तिने कपाटातून शर्ट काढला, कॉलरवर पाण्याचा हात फिरवला आणि अगदी मन लावून इस्त्री केली, आधी बाह्या, मग पाठ, मग बटणांच्या मधली जागा.